निनावी मंडळाचा पत्ता

दारू सोडण्याची शपथ घेणारा मनुष्य नवा नाहीं आणि ती मोडणाराही नवा नाहीं. उपदेशक, वैद्य व कायदा हे तिघे या व्यसनाशीं पिढ्यान्‌पिढ्या झुंजत आले. चौथा उपाय मात्र खुद्द दारुड्यांनींच शोधला. एका व्यसनी माणसानें दुसऱ्याजवळ बसून आपली हकीकत सांगावी, एवढाच तो उपाय. पण असा दुसरा मनुष्य सांपडावा कोठें?

अमेरिकेंत बाल्टिमोर शहरीं १८४० च्या एप्रिलांत एका गुत्त्यांत बसणाऱ्या सहा जणांनीं दारू न पिण्याचा करार केला आणि आपल्या मंडळास जॉर्ज वॉशिंग्टनचें नांव दिलें. त्यांच्या साप्ताहिक सभेंत व्याख्यान होत नसे. ज्याचा त्यानें अनुभव सांगावयाचा. बघतां बघतां ही चळवळ गांवोगांव पसरली. १८४२ च्या फेब्रुवारींत अब्राहम लिंकननें स्प्रिंगफील्ड येथील शाखेपुढें भाषण केलें. परंतु ज्यांनीं थेंबही चाखला नव्हता असे सुधारक व्यासपीठावर चढले, त्यांच्यामागून राजकारण आलें, आणि दहा वर्षांच्या आंत बहुतेक ठिकाणीं सर्व विरून गेलें. पुढें १९२० पासून १९३३ पर्यंत सबंध राष्ट्रांत दारूबंदी होऊन गेली. दारुडा होता तेथेंच राहिला.

१९३५ च्या मे महिन्यांत ओहायो संस्थानांतील अॅक्रन या रबरी कारखान्यांच्या शहरीं विल्यम विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा गृहस्थ एका कंपनीच्या ताब्याच्या भांडणासाठीं आला होता. शेअरबाजारांत नांव मिळवून दारूपायीं तो धुळीस मिळालेला. पांच महिने त्याचा पेला सुटला होता. या अवधींत त्यानें कित्येक दारुड्यांना उपदेश केला. त्यांतला एकही सुधारला नाहीं, मात्र उपदेश करतां करतां तो स्वतः कोरडा राहिला होता! अॅक्रनचें काम फसलें. शनिवार, ११ मे रोजीं मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यांत तो खिन्नपणें येरझारा घालीत होता. एका टोकास मद्यगृहांतील हंशा ऐकूं येत होता; दुसऱ्या टोकास टेलिफोन होता आणि जवळच शहरांतील चर्चांची यादी लावलेली होती. तो यादीकडे वळला. एका पाद्रीसाहेबांनीं कांहीं नांवें दिलीं, आणि अखेर हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंशीं गांठ पडली. आपण दारुडे आहोंत व दुसऱ्या दारुड्याशीं बोलल्याविना आपला निभाव लागणार नाहीं, असें त्यानें सांगितलें. दुसऱ्याचा उद्धार करण्याची भाषा त्यांत नव्हती, आणि या इतिहासाचें मर्म तेंच आहे.

दुसरे दिवशीं सायंकाळीं पांच वाजतां बाईंच्या घरीं डॉक्टर रॉबर्ट स्मिथ आले. वय पंचावन्न, हाताला कंप, पेशानें शस्त्रवैद्य! पंधरा मिनिटांहून अधिक बसणार नाहीं, असें ते बजावून आले होते. उठले तों रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उपदेश त्यांनीं पुष्कळ ऐकला होता. पण बोलणारा मनुष्य त्याच चिखलांतून आलेला आहे, हा अनुभव नवीन होता. मध्यें एकवार त्यांचा तोल गेला. त्यांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा मानतात आणि तोच या मंडळाचा स्थापनादिवस ठरला. मग दोघे मिळून शहराच्या इस्पितळांत तिसरा शोधण्यास गेले.

प्रारंभीं या बैठकी घरगुती असत. १९३९ सालीं मंडळींनीं आपल्या अनुभवांचा ग्रंथ छापला. ‘निनावी मद्यपी’ या अर्थाचें त्याचें इंग्रजी नांव, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, तेंच मंडळाला चिकटलें. येथें एक मोठा पेंच होता. नांव लपलें नाहीं तर नोकरी व अब्रू जाण्याच्या भीतीनें कोणी येणार नाहीं; आणि सर्वच लपलें तर येणाऱ्यास दार सांपडणार नाहीं. त्यांनीं माणसें झांकलीं व पत्ता उघडा ठेवला. ग्रंथांत न्यूयॉर्कच्या टपालपेटीचा क्रमांक दिला. तेथें येणाऱ्या पत्रांना उत्तरें जात आणि फिरतीवर निघालेल्या सभासदांजवळ त्या त्या गांवच्या पत्रलेखकांचीं नांवें दिलीं जात. विक्रेता माल खपवी आणि संध्याकाळीं एखाद्या अपरिचिताचें दार ठोठावी.

१ मार्च १९४१ रोजीं ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकांत जॅक अलेक्झांडरचा लेख आला आणि पत्रांचा पूर लोटला. मंडळाच्या हिशेबाप्रमाणें त्या एका वर्षांत सभासद दोन हजारांवरून आठ हजारांवर गेले. मार्गदर्शक कमी पडले; ज्यास सोडून जेमतेम महिना झाला आहे त्यानेंच आज आलेल्यास हात द्यावा, असा प्रसंग आला. तो हात बळकट होता कीं काय, हा प्रश्न रास्त आहे. पण देणाराही त्यामुळेंच सावरे.

बाल्टिमोरची ठेंच या मंडळींना मागाहून कळली. १९४६ मध्यें मांडलेल्या व १९५० मध्यें क्लीव्हलंडच्या अधिवेशनांत संमत झालेल्या नियमांत बाहेरच्या वादांत मत द्यावयाचें नाहीं आणि बाहेरचा पैसा घ्यावयाचा नाहीं, असें ठरलें. प्रवेशास अट एकच राहिली : पिणें सोडण्याची इच्छा.

त्याच १९५० सालीं मुंबई राज्यांत संपूर्ण दारूबंदी अंमलांत आली. गुत्त्यांना कुलुपें लागलीं, हातभट्ट्या पेटल्या. आणि १९५७ मध्यें त्याच मुंबईंत निनावी मद्यपींची बैठक सुरू झाली.