वेब पान कसं बनतं, हे सगळ्यांनाच का माहीत असावं?

माझं गाव मुकुटबन, यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातलं. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, सातबारा असो की सिमेंट कारखान्यातली भरती, आज सगळं मोबाईलवरच्या एखाद्या वेब पानातून जातं. त्या पानावर आपण आधार नंबर टाकतो, बँक खातं टाकतो, ओटीपीही टाकतो. त्यामुळे ते पान कसं तयार होतं, एवढं तरी आपल्याला कळायला हवं. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

पान म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिंक दाबता, ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो आणि सर्व्हर त्याला फाइल्स पाठवतो. त्यात तीन मुख्य गोष्टी असतात:

- एचटीएमएल: शीर्षक, परिच्छेद, चित्र, फॉर्म कुठला ते सांगते.
- सीएसएस: रंग, आकार, मांडणी ठरवते.
- जावास्क्रिप्ट: बटण दाबल्यावर काय घडेल ते ठरवते.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये 'सर्न' या संशोधन संस्थेत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. म्हणून पान बनवायला कोणाची परवानगी लागत नाही. अर्थात, भामट्यालाही लागत नाही.

दिसण्यावर जाऊ नका

पान दिसण्यासाठी त्याच्या फाइल्स तुमच्या फोनवर याव्याच लागतात. मग लोगो, रंग, अशोकस्तंभ, सगळं उचलून हुबेहूब दुसरं पान बनवणं थोड्या वेळाचं काम आहे.

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये कुठल्याही मजकुरावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा. तिथे आकडा बदला, स्क्रीनवर लगेच बदलेल. मूळ वेबसाइटला काही होत नाही, पण स्क्रीनशॉट मात्र खरा वाटतो. हे एकदा स्वतः केलं की निकालाचा किंवा पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नसतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

कुलपाच्या चिन्हाचंही तसंच. त्याचा अर्थ एवढाच की फोन आणि सर्व्हरमधला मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. सर्व्हर कोणाचा, हे कुलूप सांगत नाही. क्रोमने तर २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

पत्ता उजवीकडून वाचा

मग भरवसा कशावर ठेवायचा? पत्त्यावर. ॲड्रेस बारवर टॅप करा, पूर्ण पत्ता दिसेल. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेषा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून मागे, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचा.

खरा पत्ता: महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. शेवट 'जीओव्ही डॉट इन', आणि ते फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं.

काल्पनिक खोटा पत्ता: महाडीबीटी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट फॉर्मभरा डॉट कॉम. इथे मालक 'फॉर्मभरा डॉट कॉम'. त्याच्या डावीकडे मालक हवं ते लिहू शकतो. डॉट कॉम किंवा नुसतं डॉट इन तर कोणीही पैसे भरून घेऊ शकतं.

एका संध्याकाळचा प्रयोग

फोनवर 'एकोड' हे मोफत एडिटर ॲप घ्या. 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नावाची फाइल बनवा. तिच्यात एक शीर्षक, गावाबद्दल दोन ओळी आणि एक फोटो टाका. वर 'चार्सेट' म्हणून यूटीएफ-८ लिहायला विसरू नका, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. मग सीएसएसने रंग द्या.

पान जमलं की 'गिटहब पेजेस'वर मोफत चढवा. आता मिळालेला पत्ता बघा. डावीकडचं नाव तुम्ही निवडलेलं असेल, पण उजवीकडे 'गिटहब डॉट आयओ' आहेच, ते तुम्हाला बदलता येत नाही. वरचा नियम इथे स्वतःच्याच पानावर दिसतो.

एवढं शिकून नोकरी लागणार नाही. पण पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर 'आजच अर्ज भरा' अशी लिंक आली की बोट आधी पत्त्याकडे जाईल. घरच्यांनाही दाखवा. आणि कोणी फसलंच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.