रव्याची जागा

धुळ्याच्या शाळेत मी इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका सोनाराच्या मुलाने भर वर्गात विचारले, "सर, आमच्या बाबांच्या कामाचा इतिहास पुस्तकात का नाही?" मी हसून धडा पुढे चालवला. त्याचे उत्तर आज देतो.

माझे आजोळ जळगावचे. आजीचे कानातले दुरुस्तीला नेले, की मी सोनाराच्या पेढीवर बसून राही. मोहरीहून बारीक सोन्याचा एकेक रवा तो चिमट्याने उचलून बसवी, मग टाकणखार लावून फुंकणीने झाळ देई. म्हणे, "रवा पाडणे सोपे, पोरा; जागेवर बसवणे कठीण."

विज्ञानाचा इतिहासही हेच सांगतो. १८५७ साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडेने सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात तयार केले. पाणी माणकासारखे लाल झाले. कण पडले, पण त्यांना हव्या त्या जागी बसवायचे कसे? हे कण मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाएवढे. तिथे चिमटा काय करणार! आणि जागेला तर फार महत्त्व. हेच कण दूरदूर असले तर लाल दिसतात, जवळ आले की निळे.

चिमट्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्युतभाराकडून करवून घेतले गेले. डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्यात चांदीचे ऋणभारित कण. पृष्ठभागावर सायीसारखा, पण एकाच रेणूच्या जाडीचा, धनभारित स्निग्ध थर. कण आपणहून थराला खालून चिकटतात. मग पट्टी बुडवून वर काढली, की थरामागून थर तिच्यावर चढतो. पाण्याची आम्लता बदलली, की चिकटणाऱ्या कणांचे प्रमाणही बदलते. याच मंडळींनी २००४ साली आपल्या परसातल्या गवती चहाच्या अर्काने सोन्याचे चपटे त्रिकोणी कण पाडून दाखवले.

याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. कोरोनाच्या साथीत घरोघरी चाचणीची पट्टी आली. अशा पुष्कळ पट्ट्यांवर उमटणारी लाल रेघ म्हणजे सोन्याचे कणच. रेघेच्या जागी आधीच बसवलेली प्रतिपिंडे विषाणूचे प्रथिन पकडतात आणि त्याला चिकटलेले सोने तिथेच अडते. कण भलतीकडे अडले, तर पट्टी खोटे बोलेल. त्या बोटभर रेघेकडे श्वास रोखून पाहिले नाही, असे घर आमच्या गल्लीत विरळाच.

त्या मुलाच्या वडिलांची शेगडी आता थंड आहे. साच्यातल्या दागिन्यांपुढे हातकाम टिकले नाही. मुलगा पोटासाठी सुरतेला गेला. हा अंक त्याच्या हाती पडला तर त्याने एवढे वाचावे: बाळ, तुझ्या वडिलांचे काम इतिहासात होते. धड्यात ते बसवायचे राहिले, ती चूक माझी.