मूत्रपिंडाचा पसरलेला कर्करोग : आयुर्मानाचे पूर्वानुमान

मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुस, हाडे, यकृत किंवा मेंदूपर्यंत पोहोचल्यानंतर रुग्ण साधारण किती काळ जगेल, याचा अंदाज गुणांकनाने बांधला जातो. औषधाची निवड आणि मूत्रपिंड काढण्याचा निर्णय बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असतो.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील रॉबर्ट मोट्झर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ६७० रुग्णांच्या नोंदींवरून पहिली सर्वमान्य मोजपट्टी तयार केली. सुनिटिनिबसारख्या गोळ्या आल्यावर २००९ मध्ये डॅनियल हेंग यांच्या गटाने ६४५ रुग्णांच्या आधारे ती नव्याने मांडली. आज हीच प्रामुख्याने वापरली जाते. तिचे घटक सहा : निदानापासून औषध सुरू होईपर्यंत एक वर्षापेक्षा कमी काळ, कार्नोफ्स्की गुण (दैनंदिन कामे करण्याच्या क्षमतेचा) ८०पेक्षा कमी, हिमोग्लोबिन कमी, आणि कॅल्शियम, न्यूट्रोफिल व प्लेटलेट्स वाढलेले. एकही घटक नसल्यास अनुकूल गट, एक-दोन असल्यास मध्यम, तीन किंवा अधिक असल्यास प्रतिकूल. २०१३ च्या पडताळणीत या गटांचे मध्यक आयुर्मान अनुक्रमे ४३.२, २२.५ व ७.८ महिने आले. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. एकट्या रुग्णाला हा आकडा मुदत म्हणून सांगणे चूक होय. शिवाय हे आकडे नव्या इम्युनोथेरपीपूर्वीचे आहेत.

छत्रपती संभाजीनगरात कर्करोग नोंदणी १९७८ पासून आहे. ती मुख्यतः नव्या रुग्णांची मोजदाद करते. उपचारासाठी मराठवाड्यातील रुग्ण घाटी रुग्णालयात आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात येतात. अशा ठिकाणी गुण मांडताना विशेष काळजी लागते. शेतात जाणे थांबले, पण अंघोळ-जेवण स्वतःचे स्वतः होते, अशा शेतकऱ्याचा कार्नोफ्स्की गुण ७० धरला जातो. 'हिंडतो-फिरतो' एवढ्या उत्तरावर ८० लिहिणे बरोबर नाही. रक्तक्षयाचे कारण मोजपट्टी विचारत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे कुपोषणाचा गुण कर्करोगाच्या खात्यावर पडू शकतो. कॅल्शियमचे उलट होते. अहवालात ९.८ (सर्वसाधारण) दिसते. पण अल्ब्युमिन २.८ असल्यास दुरुस्त आकडा सुमारे १०.८, म्हणजे वाढलेला. ही दुरुस्ती राहून गेली तर रुग्ण चुकीच्या गटात जातो.

उपचारांवरील परिणाम. मध्यम व प्रतिकूल गटांत निवोलुमॅब-इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची जोडी सुनिटिनिबपेक्षा सरस ठरली (२०१८). त्याच वर्षी ४५० रुग्णांच्या कार्मेना चाचणीत, मोट्झर यांच्या मोजपट्टीनुसार मध्यम व प्रतिकूल गटांत, आधी मूत्रपिंड काढण्यापेक्षा केवळ सुनिटिनिब देणे कमी प्रतीचे ठरले नाही. तिच्यात प्रतिकूल गटातील रुग्ण बरेच असल्याने, एकच घटक असलेल्यांना निष्कर्ष कितपत लागू होतो यावर मतभेद आहेत.

मेंदूतील प्रसार व पेशीप्रकार सहा घटकांत नाहीत. त्यांचा विचार स्वतंत्रपणे होतो.

पहिले औषध निष्प्रभ ठरल्यास पुढच्या औषधापूर्वी तेच घटक नव्याने तपासून गट पुन्हा ठरवता येतो.