दोन पौंडांस एक पेनी कमी

यंत्रांचा इतिहास लिहितांना यंत्र घडविणाराचें नांव ठळक घालावें आणि त्या यंत्रास माल पुरविणाऱ्या दुकानदारास विसरून जावें, अशी चाल पडली आहे. ब्रिटनमधील स्वस्त घरगुती संगणकांच्या बाबतींत ही चाल फारच अन्यायाची झाली, असें आम्हांस वाटतें.

सिंक्लेअर कंपनीचा ‘स्पेक्ट्रम’ १९८२ च्या एप्रिलांत निघाला. लहान नमुन्याची किंमत १२५ पौंड, मोठ्याची १७५. पडद्याच्या जागीं घरचाच टीव्ही आणि संग्रहासाठीं घरचाच टेपरेकॉर्डर, अशी काटकसरीची मांडणी. म्हणून मध्यम स्थितीच्या कुटुंबांस तो परवडला. अभ्यासाच्या नांवानें घरांत शिरलेल्या या पाहुण्यास मुलांनीं लागलीच खेळास जुंपलें. खेळाची कॅसेट साडेपांच-सहा पौंडांस मिळे, आणि खेळ रचणारे पुष्कळदा मिसरूडही न फुटलेले! ‘मॅनिक मायनर’ हा गाजलेला खेळ मॅथ्यू स्मिथनें १९८३ सालीं रचिला, तेव्हां त्यास वीस वर्षेंही झालीं नव्हतीं. लिव्हरपूलच्या ज्या ‘बग-बाइट’ संस्थेनें तो प्रथम प्रसिद्ध केला, तिला सोडून तो खेळासह लवकरच दुसऱ्या संस्थेकडे गेला. चढाओढ अशी पहिल्यापासूनच तिखट होती.

पण या सर्व संस्थांचा खरा शत्रु बाजारांत नव्हता, तो गिऱ्हाइकाच्या घरांतच होता. खेळाची कॅसेट म्हणजे साधी गाण्याचीच कॅसेट. दोन टेपरेकॉर्डर जोडले कीं नक्कल तयार. एका मुलानें सहा पौंड खर्चावे आणि साऱ्या वर्गानें खेळावें! पार्लमेंटानें संगणकाच्या आज्ञावलीस ग्रंथाप्रमाणें संरक्षण स्पष्ट शब्दांत दिलें तें १९८५ सालीं. आणि कायदा झाला तरी कोणता शिपाई मुलांच्या खोल्या धुंडाळणार होता?

या संकटावर एक उपाय ऐटीचा निघाला. बग-बाइट सोडून आलेल्या तरुणांनीं लिव्हरपुलांतच १९८२ सालीं ‘इमॅजिन’ संस्था काढिली होती. उंची मोटारी, पानभर जाहिराती, असा तिचा थाट. यंत्रास जोडावयाचा एक भाग खेळाच्या पेटींतच द्यावयाचा, म्हणजे नकलेस वाव नाहीं, ही तिची युक्ति. किंमत मात्र चाळीस पौंडांच्या घरांत! ‘सायक्लॅप्स’ आणि ‘बँडरस्नॅच’ हे ते खेळ निघालेच नाहींत. १९८४ च्या जुलैंत संस्था बुडाली. तिच्या वैभवाचें चित्रण करावयास आलेल्या बी.बी.सी.च्या मंडळीस दिवाळ्याचेंच चित्रण करावें लागलें.

दुसरा उपाय निव्वळ वाण्याचा होता. १९८३ सालीं स्थापन झालेल्या ‘मास्टरट्रॉनिक’चे चालक व्हिडिओ कॅसेटींच्या व्यापारांतून आलेले. त्यांनीं खेळाची किंमत १ पौंड ९९ पेन्स ठेविली, आणि संगणकांच्या दुकानांवर विसंबून न राहतां वर्तमानपत्रांचे विक्रेते, पेट्रोलपंप अशा ठिकाणीं कॅसेटी टांगल्या. खाऊच्या पैशांत बसणाऱ्या वस्तूची नक्कल करीत बसण्यांत तितकासा अर्थ उरला नाहीं. कायद्यास जें अवघड गेलें तें किंमतीनें पुष्कळ अंशीं साधलें.

त्या भावांत हलका माल पुष्कळ खपला, हें खरें. पण आमच्या मतें अधिक विचार करण्याजोगा प्रश्न लेखकाच्या वांट्याचा आहे. १ पौंड ९९ पेन्सांतून त्या वेळचा पंधरा टक्क्यांचा कर वजा जातां १ पौंड ७३ पेन्स उरत. त्यांतून दुकानदार, घाऊक व्यापारी, कॅसेट आणि छपाई यांचें देणें भागवावयाचें. मग राहिलेल्या चिल्लरींत रात्रीं जागून खेळ रचणारा मुलगा. डार्लिंग बंधूंनीं हा हिशेब नीट वाचला. मास्टरट्रॉनिकसाठीं खेळ लिहिणाऱ्या या भावांनीं १९८६ सालीं स्वतःचीच ‘कोडमास्टर्स’ संस्था काढिली व त्याच भावानें माल विकण्यास आरंभ केला.

त्याच सालीं सिंक्लेअर यांनीं आपला संगणकांचा धंदा अवघ्या पन्नास लक्ष पौंडांस ‘अ‍ॅमस्ट्रॅड’ला विकला. स्पेक्ट्रमचें उत्पादन त्यानंतर १९९२ पर्यंत चाललें. तोंपर्यंत मासिकें अंकाबरोबर खेळांच्या कॅसेटी फुकट देऊं लागलीं होतीं, आणि दोन पौंडांचा दुकानदारच महाग ठरूं लागला होता.