निर्घातच्या पोटात

महाडहून पोलादपूरला निघालास की सावित्रीवरच्या पुलावर जरा थांब. २०१६च्या ऑगस्टात इथला ब्रिटिशांच्या वेळचा पूल खचला, दोन एसटी गाड्या पुरात गेल्या, तेव्हा गढूळ पाण्यात उतरायला नौदलाचे पाणबुडे आले होते. एरवी नौदलाची इथे फारशी आठवण निघत नाही. या डोंगरांत फौज म्हणजे पायदळ. महाड तालुक्यातल्या एका गावाचं नावच फौजी आंबवडे. समुद्र तर दिसत नाहीच. भरतीला सावित्रीचं पाणी उलटं चढतं, तेवढीच त्याची ओळख.

कठडा घट्ट धर. डोळे मिट.

आता हाताखाली गार पत्रा आहे आणि तो थरथरतोय. ४ डिसेंबर १९७१, शनिवारची रात्र. पाकिस्तानशी युद्ध सुरू आहे. कराचीच्या दक्षिणेला, आयएनएस निर्घात या क्षेपणास्त्र बोटीच्या पोटात तू बसला आहेस. डिझेलचा वास घशात उतरलाय. बोट किनाऱ्याजवळच्या कामासाठी बांधलेली, म्हणून लाटेवर सुपातल्या दाण्यासारखी उडते. पाठीशी पत्रा, गुडघ्याशी पत्रा, समोर रडारचा पडदा.

तू पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, विशी-बाविशीचा. भरतीच्या वेळी मुंबईत जिल्हा विचारला, तू म्हणालास, ‘कुलाबा’. लिहिणारा वैतागला, “अरे, कुलाब्यातच उभा आहेस, गाव कुठलं ते सांग!” जिल्ह्याचं नाव रायगड व्हायला अजून दहाएक वर्षं आहेत.

पडद्याभोवतालच्या बटणांवर रशियन अक्षरं आहेत. बोट सोव्हिएत बनावटीची, रडारचं नाव रांगाउट. ही अक्षरं तू व्लादिवोस्तोकच्या बर्फात गिरवलीस, गावच्या शाळेत बाराखडी गिरवली होतीस तशी, पाटी नव्हती इतकंच. आज रात्री बोटी एकमेकींशी रशियनमध्येच बोलताहेत, ऐकणाऱ्याला कळू नये म्हणून.

उजेडाची रेघ पडद्यावर गोल फिरते. मागे ठिपके उमटतात आणि विझत जातात. लाटेचा ठिपका या फेरीला असतो, पुढच्या फेरीला नसतो. मच्छीमार बोट बारीक, सुस्त. लढाऊ जहाज दर फेरीला तेवढंच सरकतं, सरळ, घाईत. हे तुला फार शिकवावं लागलं नाही. लहानपणी भाताच्या राखणीला माळ्यावर रात्री काढल्यास तू. वाऱ्याने हलणारं भात वेगळं आणि डुकराने हलणारं वेगळं. फरक एवढाच की तिथे डुक्कर दिसलं की तू बोंब ठोकायचास. इथे आवाज चढवायचा नाही. दिशा किती, अंतर किती, ठिपका कुठे चाललाय, एवढंच सांगायचं. ‘मला वाटतं’ हा शब्द इथे चालत नाही. हुकूम वर कॅप्टन देणार, लेफ्टनंट कमांडर आय. जे. शर्मा, पण रात्रीच्या काळोखात त्यांना जे दिसणार ते तुझ्याच तोंडून.

हवाही आज तुमच्या बाजूची. थंडीत या समुद्रावर हवेचे थर असे बसतात, की रडारचा किरण सरळ आभाळात निसटून न जाता पाण्याला धरून वाकतो आणि क्षितिजापलीकडचं जहाज दाखवतो. वायव्येला एक ठिपका आहे. मोठा. सरकतोय.

तू सांगतोस. पुन्हा सांगतोस. अंतर कमी होत जातं.

पाकिस्तानच्या घड्याळात पावणेअकराच्या सुमाराला बोट खालपासून वरपर्यंत हादरते. क्षेपणास्त्र सुटलं.

तिकडे पाकिस्तानची विनाशिका खैबर. तिच्यावरच्यांना वाटलं, विमान आलंय. त्यांनी वायरलेसवर तसंच कळवलं. तिच्याही पोटात पडद्यासमोर तुझ्यासारखा कुणी बसलेला असणार. फाळणीआधीच्या एकत्र नौदलाची रडारशाळा कराचीतच होती, नाव ‘चमक’. दोन्हीकडच्या जुन्या जाणत्यांचे धडे एकच. हे आत्ता आठवायला नको होतं.

दुसरं क्षेपणास्त्र. रेघ फिरते. ठिपका आहे. रेघ फिरते, आहे. मग रेघ फिरून येते आणि तिथे काही नसतं. तेही तुलाच सांगावं लागतं, त्याच आवाजात.

पुढचं भराभर होतं. सोबतच्या निपात बोटीच्या माऱ्यात व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाज बुडतं, दुसरी सोबतीण वीर मुहाफिज या सुरुंगशोधक जहाजाला गाठते, निपातचं एक क्षेपणास्त्र कराचीतल्या केमारीच्या तेलटाक्यांकडे जातं. डेकवरचे जळणाऱ्या कराचीबद्दल बोलतात. तुझ्या खोलीला खिडकी नाही.

पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी, १७६ खलाशी. तिला बुडवणारी पाकिस्तानची हंगोर ही पाणबुडी पाण्याखाली होती, आणि पाण्याखालचं तुझ्या पडद्यावर येतच नाही.

सुट्टी मिळते तेव्हा शेतात वाल उभा असतो. एसटीतून उतरून चढण चढतोस. पडवीत माणसं जमलेली. रेडिओवर सगळ्यांनी ऐकलंय. काका तंबाखू मळत विचारतात, “कराची पेटली तेव्हा केवढा उजेड पडला रे?”

तू पाण्याचा तांब्या तोंडाला लावतोस, घटाघट संपवतोस.

“बघितला नाही, काका.”