एका पेटीतील दोन कोठारे



मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या साठवणीविषयी बोलावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु लिहिलेला मजकूर कोठे ठेवावा आणि तो किती काळ वाचता येईल, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही आहे. आज हातात मावणाऱ्या चिमुकल्या संगणकातही दोन स्वतंत्र ड्राइव्ह बसविता येतात. एकावर यंत्र चालविणारी प्रणाली राहते, दुसऱ्यावर आपले लेखन. ही विभागणी कशी घडत गेली आणि मराठी मजकुराला तिचा लाभ उशिरा का मिळाला, एवढ्याच मर्यादेत मी बोलणार आहे.

फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी यंत्र आयबीएम कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर केले. त्याचे नाव 'रॅमॅक'. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि एवढ्या व्यापात मावत ती अवघी ५० लाख अक्षरे! हे यंत्र सिद्ध करणाऱ्या गटाचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे मूळचे अमेरिकेतील मिशिगन राज्यातले शाळामास्तर. उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र त्यांनी बनविले आणि त्या यंत्रामुळेच ते आयबीएममध्ये गेले. शाळेच्या व्यासपीठावरून हे सांगताना मला थोडा अभिमान वाटला, तर तो आपण क्षम्य मानावा.

१९६२ साली त्याच कंपनीने तबकड्यांचा संच उचलून बाजूला ठेवता येईल असे यंत्र आणले. आपल्याकडे जुन्या दप्तरांतील कागद रुमालात बांधून ठेवीत. हवा तो रुमाल काढावा, काम झाले की परत बांधून ठेवावा. तसेच हे झाले. यंत्र एकच, संच अनेक. तबकडीवरचा मजकूर यंत्रापासून प्रथम सुटा झाला तो येथे.

घरगुती संगणकात हीच गोष्ट पुन्हा घडली, पण गरिबीतून. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये बहुधा दोन फ्लॉपी ड्राइव्ह असत. 'ए' मध्ये कार्यक्रमाची फ्लॉपी, 'बी' मध्ये आपल्या मजकुराची. जागाच नसल्यामुळे आपोआप शिस्त आली. १९८४ च्या आटोपशीर मॅकिंटॉशला तर एकच खाच होती. कार्यक्रमाची फ्लॉपी काढा, मजकुराची घाला, पुन्हा पहिली घाला, असा खेळ करीत लोकांनी कामे केली. दरम्यान १९८३ मध्ये आयबीएमच्या 'एक्सटी' संगणकात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क बसविलेली आली. सोय झाली खरी, परंतु यंत्राचे सामान आणि माणसाचे लेखन एकाच कोठारात येऊन पडले. ते कोठार म्हणजे 'सी'.

मग 'डी' कोठून आला? डॉस या प्रणालीला ३२ मेगाबाइटपेक्षा मोठा विभाग ओळखता येत नसे. १९८७ च्या ३.३ या आवृत्तीने एकाच डिस्कचे अनेक विभाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर देण्याची सोय केली. म्हणजे 'डी' ही बहुतेकांच्या घरी दुसरी डिस्क नव्हतीच. एकाच खोलीत घातलेली ती आडभिंत होती. तंत्रज्ञाने 'सी' पुसून प्रणाली नव्याने घातली, तरी या भिंतीमागचे लेखन वाचे. डिस्कच बिघडली की मात्र दोन्ही जात. हा भेद आजही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

मराठीपुरती अडचण आणखी खोल होती. माझ्या परिचयाच्या एका मंडळाने आपल्या स्मरणिकेचा सारा मजकूर 'डी' मध्ये नीट ठेवला होता. संगणक बिघडला, 'सी' पुसली गेली, आणि 'डी' सुखरूप राहिली. फाइल उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन सडा पडला! मंडळींना वाटले, विषाणू शिरला. वस्तुतः एक अक्षरही गेले नव्हते.

कारण असे की, भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये निघाले असले, तरी छपाईच्या कामात प्रत्येक निर्मात्याचा फाँट आपली वेगळी मांडणी वापरी. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे काने, मात्रा, अर्धी अक्षरे बसविलेली असत. फाइलमध्ये साठे तो केवळ घराचा क्रमांक. त्याला मराठीपण देणारा फाँट राही 'सी' वर. इंग्रजी लेखकाचे कोठार खरोखर वेगळे झाले होते. आपले मात्र निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे. मंडळाला तो फाँट पुन्हा मिळाला नाही. छापील प्रतीवरून सगळे परत जुळवावे लागले. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्येच, देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले होते. विंडोज २००० ने ते सामान्य संगणकावर आणले, आणि छापखान्यांत ते रुळायला आणखी बरीच वर्षे लागली. तेव्हा कोठे मराठी मजकूर फाँटच्या ताबेदारीतून सुटला.

पेटी लहान होणे ही अलीकडची कथा. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या 'नँड' फ्लॅश स्मृतीमुळे फिरत्या तबकडीची गरजच उरली नाही. अॅपलने २०१२ मध्ये मॅक मिनीत वेगवान फ्लॅश ड्राइव्ह आणि मोठी तबकडी जोडून वापरणाऱ्याला एकच कोठार दाखविले. 'फ्यूजन ड्राइव्ह' हे त्याचे नाव. युक्ती चतुर होती, पण दोहोंपैकी एक बिघडला की सारे कोठार कोसळे. मला ती पसंत पडली नाही.

आज अनेक छोट्या पेट्यांत २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशा 'एम.टू' पट्टीसाठी एक खाच, आणि अडीच इंची 'साटा' ड्राइव्हसाठी एक जागा असते. प्रणाली पट्टीवर घालावी. ती घालताना दुसरा ड्राइव्ह जोडूच नये, कारण विंडोज कधी कधी आपले आरंभीचे सामान त्याच्यावर नेऊन ठेवते आणि विभागणी तेथेच फसते. प्रणाली सुरू झाल्यावर दुसरा जोडावा, त्याला ओळखू येईल असे नाव द्यावे, आणि कागदपत्रांचा फोल्डर तिकडे हलवावा. तरीही दोन्ही ड्राइव्ह एकाच पेटीत, एकाच वीजजोडणीवर असतात. चोर पेटी नेतो तेव्हा दोन्ही नेतो. म्हणून त्या मंडळाने पुन्हा जुळविलेला मजकूर आता युनिकोडमध्ये दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवला आहे, एक प्रत चिटणीसांच्या घरी बाहेरच्या ड्राइव्हवर आहे, आणि एक छापील संच कपाटात.