न्यूट्रॉनच्या ऊर्जेचा हिशेब

नागपूर ते कामठी हें अंतर सुमारें १५ किलोमीटरांचें. त्यावरून आगगाडीचा वेग काढणें सोपें आहे. दोन्ही स्थानकांवरील वेळा टिपाव्या आणि अंतरास वेळेनें भागावें. परंतु अणुगर्भांतून निघालेल्या न्यूट्रॉनचा वेग कसा काढावा? त्यावर विद्युद्भार नाहीं. तो शिशाची भिंत ओलांडून जातो, पण मागें माग ठेवीत नाहीं.

१९३२ च्या आरंभीं पॅरिस येथें इरेन व फ्रेदेरिक जोलिओ-क्यूरी या दांपत्यानें बेरिलियमपासून निघणारे किरण मेणावर सोडले, तेव्हां त्यांतून वेगवान प्रोटॉन उसळले. हे गॅमा-किरणच असावेत, असें त्यांनीं मानिलें. मात्र त्यासाठीं किरणांची ऊर्जा सुमारें ५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरावी लागे. केंब्रिजच्या जेम्स चॅडविक यांना हें पटेना. त्यांनीं तेच किरण नायट्रोजनवर सोडले, तों तीच ऊर्जा ९ कोटी धरावी लागली! वस्तुतः त्या क्रियेंतून दीड कोटीही निघणें शक्य नव्हतें. जमाखर्चाचा ताळा चुकत होता. किरणांऐवजीं प्रोटॉनइतक्याच वजनाचा भारहीन कण कल्पिला, आणि ताळा जमला. सारख्या वजनाच्या दोन गोट्या समोरासमोर आदळल्या, तर पहिली थांबते व दुसरी तिचा सारा वेग घेते. म्हणून प्रोटॉनची कमाल ऊर्जा, ५७ लक्ष, हीच न्यूट्रॉनची ऊर्जा ठरली. न्यूट्रॉनचा शोध लागला तो असा, ऊर्जेच्या मोजणींतूनच.

आपल्याकडे तुर्भें येथें ४ ऑगस्ट १९५६ रोजीं 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. कॅनडांत बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्यापाशीं शिकून आलेले पी. के. अय्यंगार यांनीं पुढें तुर्भ्यास न्यूट्रॉन-वर्णपटमापक उभारले. मंद न्यूट्रॉन लहरीसारखा वागतो. स्फटिक त्याला ऊर्जेनुसार ठराविक कोनांत वळवितो. कोन मोजला कीं ऊर्जा कळते. याच विद्येसाठीं ब्रॉकहाउस यांना १९९४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. शरीरांत तितकीच ऊर्जा शोषली गेली, तरी १० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या आसपासचा न्यूट्रॉन हा मंद न्यूट्रॉनाच्या सुमारें आठपट अपायकारक मानितात. भट्टीपाशीं काम करणाऱ्यांची सुरक्षितता या मोजणीवर अवलंबून असते.

वाटेंत अडथळा नसता, तर मंद न्यूट्रॉनास नागपुराहून कामठी गांठावयास सुमारें सात सेकंद लागते; अणुभंगांतून नुकत्याच सुटलेल्या वेगवान न्यूट्रॉनास सेकंदाचा सहस्रांशही पुरता.